होम थिएटरमधली बैठक: आधी डोक्याची जागा, मग खुर्ची

होम थिएटर करायचं ठरलं की प्रोजेक्टर, पडदा आणि स्पीकर यांवर महिनोन्‌महिने खल होतो. खुर्च्यांची पाळी येते सगळ्यात शेवटी. शोरूममध्ये जायचं, दोन मिनिटं बसायचं, "मऊ आहे, चालेल" म्हणायचं आणि ऑर्डर देऊन टाकायची. मग त्या खुर्च्या खोलीत जिथे मावतात तिथे लागतात आणि आपलं डोकं त्या नेतील तिथे जातं. खरं तर चित्र कसं दिसेल आणि आवाज कसा ऐकू येईल, हे तुमचे डोळे आणि कान खोलीत नेमके कुठे आहेत यावर ठरतं. म्हणून इथे क्रम उलटा आहे. आधी डोक्याची जागा शोधायची, ती जमिनीवर आखायची, आणि त्या जागी डोकं अडीच तास आरामात राहील अशी खुर्ची मग बघायची.

माझ्या पहिल्या खोलीत मी चारही खुर्च्या मागच्या भिंतीला टेकवून लावल्या होत्या, पुढे मोकळी जागा राहावी म्हणून. प्रत्येक सिनेमात खालचे सूर घुमायचे आणि संवाद त्यात बुडायचे. वर्षभर मी सबवूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा स्पीकर, कमी-जास्त करत राहिलो, त्याची जागाही दोनदा बदलली. शेवटी एका रात्री खुर्च्या साडेतीन फूट पुढे ओढल्या आणि एकही बटण न फिरवता तोच सिनेमा पुन्हा लावला. पहिल्याच प्रसंगात संवाद मोकळे झाले. तेव्हापासून कुणी खुर्च्यांबद्दल विचारलं की मी आधी खोलीची लांबी विचारतो.

रोज कोण बसणार?

पहिला आकडा कागदावर लिहा: आठवड्यातून निदान एकदा या खोलीत बसणारी माणसं किती? वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांना यात धरू नका. त्यांच्यासाठी जाड गाद्या, बीन बॅग किंवा हलके स्टूल पुरतात आणि नंतर उचलून ठेवता येतात. पाहुण्यांसाठी बसवलेली दुसरी ओळ मात्र कायमची जागा खाते आणि पहिल्या ओळीलाही तिच्या योग्य जागेवरून हलवते. तीन उत्तम जागा की सात मध्यम जागा, असा प्रश्न आला तर मी प्रत्येक वेळी तीन निवडेन.

घरात कुणी व्हीलचेअर वापरत असेल तर ओळीच्या टोकाला, येण्याजाण्याच्या वाटेलगत, साधारण ३ फूट रुंद आणि ४ फूट लांब जागा आत्ताच आखा. ती ओळीतच हवी. मागे कोपऱ्यात नको.

डोळ्यांचा हिशेब

उदाहरणासाठी एक खोली धरू: १६ फूट लांब, १२ फूट रुंद, ९ फूट उंच. पडदा १०० इंची, १६:९ आकाराचा, म्हणजे सुमारे ८७ इंच रुंद आणि ४९ इंच उंच. आकडे तुमच्या खोलीचे घाला, रीत हीच.

पडद्याच्या दोन्ही कडांपासून डोळ्यापर्यंत रेषा काढल्या तर त्यांच्यात जो कोन होतो, त्यावरून पडदा किती मोठा भासतो हे कळतं. सिनेमा आणि टेलिव्हिजन अभियंत्यांची संस्था एसएमपीटीई हा कोन निदान ३० अंश असावा म्हणते. सिनेमागृहांतल्या आवाजाचा आणि चित्राचा दर्जा तपासण्यासाठी लुकासफिल्ममध्ये १९८३ साली सुरू झालेल्या टीएचएक्सची शिफारस ४० अंशांच्या आसपासची आहे. १६:९ च्या पडद्यासाठी तोंडी हिशेब सोपा आहे. पडद्याच्या कर्णाला १.२ ने गुणा, की ४० अंशांचं अंतर मिळतं, १.६ ने गुणा, की ३० अंशांचं. १०० इंची पडद्याला हे अंतर १० फूट ते १३ फूट ४ इंच येतं. ६५ इंची टीव्हीला साधारण साडेसहा ते पावणेनऊ फूट. अनेक घरांत ६५ इंची टीव्ही बारा फुटांवरून पाहिला जातो आणि मग टीव्हीच लहान पडला असं वाटतं, तेव्हा टीव्ही बदलण्याआधी सोफा ओढून बघा.

अंतर भिंतीपासून नव्हे, पडद्यापासून मोजायचं. आणि खुर्चीच्या पाठीपर्यंत नव्हे, डोळ्यांपर्यंत.

कानांचा हिशेब

आता कानांकडे येऊ, कारण बहुतेक खोल्यांत घोळ इथेच होतो. खालचे, खर्जातले सूर खोलीच्या दोन भिंतींमध्ये अडकतात. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. १६ फुटांच्या, म्हणजे ४.८८ मीटरच्या खोलीत ३५ हर्ट्झच्या आसपासचा सूर समोरच्या आणि मागच्या भिंतींमध्ये झोके घेतो. भिंतींजवळ त्याचा दाब सगळ्यात जास्त आणि खोलीच्या बरोब्बर मध्यावर, ८ फुटांवर, जवळजवळ शून्य. म्हणून भिंतीला टेकून बसलेल्याला तो सूर घुमताना ऐकू येतो आणि मध्यावर बसलेल्याला तो गायब होतो. सबवूफर एकच, सिनेमा एकच, फरक फक्त जागेचा.

यातून दोन नियम निघतात. डोकं खोलीच्या लांबीच्या मध्यावर नको. आणि मागच्या भिंतीपासून निदान ३ फूट, जमलं तर त्याहून जास्त पुढे हवं. चांगली सुरुवात म्हणजे समोरच्या भिंतीपासून दोन-तृतीयांश अंतर, किंवा मागच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्के. आपल्या खोलीत हे, दोन्ही समोरच्या भिंतीपासून मोजून, अनुक्रमे १० फूट ८ इंच आणि सुमारे ९ फूट ११ इंच येतं. डोळ्यांचा पट्टा १० फुटांपासून सुरू होत होता. म्हणजे १० फूट ते १० फूट ८ इंच या छोट्या पट्ट्यात डोळे आणि कान दोघांचंही जमतं. तिथे जमिनीवर मास्किंग टेपची आडवी पट्टी चिकटवा. ही तुमची डोक्याची रेषा.

हे आकडे सुरुवात करण्यापुरते आहेत. खोलीत नुसती प्लास्टिकची खुर्ची ठेवून, ओळखीचा सिनेमा लावून, त्या पट्टीच्या मागेपुढे सहा-सहा इंच सरकून ऐका. अर्ध्या तासात तुमच्या खोलीचा स्वभाव कळेल. भारी खुर्च्या आल्यावर हा प्रयोग कुणी करत नाही.

बाजूचे सराउंड स्पीकर, म्हणजे आजूबाजूचा आवाज देणारे, कानांच्या रेषेत किंवा किंचित मागे यावे लागतात. सात स्पीकरांची मांडणी असेल तर मागची जोडी नाकासमोरच्या रेषेपासून १३५ ते १५० अंशांवर, म्हणजे स्पष्टपणे पाठीमागे हवी. भिंतीला टेकून बसलं की मागे जागाच उरत नाही. टोकाची खुर्चीही बाजूच्या स्पीकरपासून निदान अडीच-तीन फूट लांब ठेवा, नाहीतर तिथे बसणाऱ्याला सगळा सिनेमा एका कानातच ऐकू येतो.

खोली अगदी छोटी असेल आणि भिंत टळतच नसेल तर डोक्यामागच्या भिंतीवर चारेक इंच जाडीचं आवाज शोषणारं पॅनेल लावा. खर्जाचा घुमारा त्याने फारसा जात नाही, पण संवादांची कर्कश उसळी नक्की कमी होते.

रुंदीत किती खुर्च्या मावतात

थिएटर खुर्चीची आतली बैठक साधारण २२ ते २४ इंच आणि हात ६ ते ८ इंच असतो. ओळीत शेजारच्या खुर्च्यांना मधला हात सामायिक असतो, म्हणून चार खुर्च्यांना पाच हात. २३ आणि ७ इंच धरले तर चार खुर्च्यांची ओळ १२७ इंच होते, साडेदहा फुटांच्याही वर. १२ फुटांच्या खोलीत मग दोन्ही बाजूंना मिळून १७ इंच उरतात. माणूस तिरका होऊनही नीट जात नाही. तीन खुर्च्या ९७ इंचांत बसतात आणि जवळजवळ ४ फूट मोकळे राहतात. तीनचा आणखी एक फायदा असा, की मधली खुर्ची पडद्याच्या बरोबर समोर येते. चारमध्ये त्या सर्वोत्तम जागी खुर्चीचा हात येतो. दोघंच बघणारे असाल तर मधला हात काढलेली जोडखुर्ची घ्या, दोघंही मध्याच्या जवळ बसाल.

दुसऱ्या ओळीची दोरी

दुसरी ओळ हवीच असेल तर पुढचं काम दोरीने करा, अंदाजाने नको. पडद्याची खालची कड जिथे येणार तिथे भिंतीवर दोरीचं एक टोक चिकटवा. पहिल्या ओळीच्या जागी घरातल्या सगळ्यात उंच माणसाला ताठ बसवा. दोरी त्याच्या डोक्याला हलकेच टेकवत मागे ताणत न्या. दुसऱ्या ओळीतल्या डोक्याच्या जागी ती जमिनीपासून जितकी उंच, तितक्या उंचीवर मागच्याचे डोळे हवेत, तरच सबटायटल्स दिसतील.

आकड्यांत बघू. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून ४२ इंचांवर आणि डोक्याचा माथा त्याहून ५ इंच वर धरा. पडद्याची खालची कड २८ इंचांवर, पहिली ओळ १० फुटांवर, दुसरी तिच्यामागे ६ फुटांवर. दोरी दुसऱ्या ओळीपाशी सुमारे ५८ इंच उंच जाते. ५८ वजा ४२, म्हणजे मागच्या ओळीखालचा चौथरा १६ इंचांचा. आता पडदा सहा इंच वर घ्या, कड ३४ वर. दोरी ५५ इंचांच्या आसपास येते आणि चौथरा १३ इंचांवर उतरतो. पहिल्या ओळीची मान या बदलाने फारशी वर जात नाही. पडद्याचा मध्य नजरेपासून जेमतेम ८ अंश वर राहतो. हा मध्य १५ अंशांपेक्षा वर जाऊ देऊ नका, मान दुखायला लागते.

पण हा हिशेब दोघंही ताठ बसलेत असं धरून आहे. मागचा माणूस रिक्लायनर, म्हणजे पाठ मागे कलणारी आणि पायपट्टी वर येणारी खुर्ची, उघडून पसरला की त्याचे डोळे काही इंच खाली येतात, आणि पुढचा नेमका तेव्हाच पुढे सरसावून ताठ बसलेला असतो. मोजमाप याच वाईट परिस्थितीचं करा: पुढचा ताठ, मागचा पसरलेला. चौथरा फारच उंच व्हायला लागला तर मागची ओळ अर्ध्या खुर्चीने बाजूला सरकवा, म्हणजे दोन डोक्यांच्या मधून दिसतं.

आता मघाचं गणित पुन्हा बघा. १० फूट अधिक ६ फूट म्हणजे १६ फूट. आपली खोली तिथेच संपते, मागच्या ओळीचं डोकं भिंतीत जातं. शिवाय तिथून १०० इंची पडद्याचा कोन २६ अंशांच्या खाली येतो. म्हणून सोळा फुटांची खोली ही एका ओळीचीच खोली आहे, कुणी कितीही सुंदर आराखडा काढून दाखवला तरी. दोन ओळींसाठी निदान १९-२० फूट लांबी हवी आणि पडदाही मोठा हवा.

चौथरा करायचाच झाला तर तो पोकळ ठेवू नका. पोकळ लाकडी चौथरा ढोलासारखा वाजतो. आत रॉकवूल (आवाज शोषणारं दगडी लोकरीचं भरण) भरा, वर प्लायवूडचे दोन थर द्या. १३ इंचांना मध्ये एक पायरी लागेल, तिच्या कडेला मंद दिवा लावा. चौथऱ्यावर उभ्या माणसाचं डोकं प्रोजेक्टरच्या झोतात येतं का, हेही आत्ताच बघा.

पुठ्ठ्याची खुर्ची

मोठ्या खोक्यांचे पुठ्ठे घ्या आणि जी खुर्ची मनात आहे तिचं माप घेऊन जमिनीवर तुकडा कापा. रिक्लायनर बंद असताना साधारण ३८ ते ४० इंच खोल असतो, पूर्ण उघडल्यावर ६५ ते ७० इंच. दोन्ही तुकडे कापा. डोक्याच्या रेषेवर ठेवा. उघडलेल्या पायांपुढून माणूस जातो का? दार पूर्ण उघडतं का? पुठ्ठे दोन-चार दिवस तसेच राहू द्या आणि घरच्यांना खोलीत वावरू द्या. ज्या पुठ्ठ्याला रोज ठेच लागते, ती खुर्ची त्या खोलीची नाही.

भिंतीजवळ चालणाऱ्या रिक्लायनरला वॉल-हगर म्हणतात. त्यात बैठक पुढे सरकते आणि पाठ जवळपास जागेवरच राहते, त्यामुळे मागे काही इंच पुरतात. साध्या रिक्लायनरला फूटभर तरी लागतो. आपल्या रेषेमागे पाच फूट मोकळे आहेत, म्हणून जागेसाठी वॉल-हगरची गरज नाही. तरी मला तो आवडतो, कारण पसरल्यावरही डोकं ठरवलेल्या जागेपासून फारसं हलत नाही.

खुर्चीची पाठ

आता शोरूममध्ये जा. पहिली नजर पाठीच्या उंचीवर टाका. डोक्याच्या वर जाणारी, दोन्ही बाजूंनी कानांना कवेत घेणारी पाठ बघायला राजेशाही वाटते, पण ती मागचा सराउंड आवाज अडवते. चाचणी सोपी आहे. खुर्चीत टेकून बसा, डोळे मिटा आणि सोबत आलेल्याला मागे, कानापासून हातभर अंतरावर, बोटं एकमेकांवर घासायला सांगा. मग थोडं पुढे वाकून तोच आवाज पुन्हा ऐका. दोन्हींत ठळक फरक जाणवला तर ती पाठ तुमच्या मागच्या स्पीकरांचं काम फुकट घालवणार. मानेला आधार देऊन कान मोकळे सोडणारी पाठ हवी.

पसरल्यावर आणखी एक गोष्ट घडते: नजर छताकडे जाते आणि आपण हनुवटी छातीला लावून पडदा बघतो. तासाभराने मान अवघडते. म्हणून वेगळ्या मोटरने पुढे कलणारं हेडरेस्ट असेल तर त्यावर खर्च करा. पंखा, मसाज, रंगीत दिवे या सगळ्यांच्या आधी ते.

बैठक किती खोल आहे ते स्वतःच्या पायांनी मोजा. पाठ टेकलेली असताना गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे आणि तळवे जमिनीला लागले पाहिजेत. घरातल्या सगळ्यात ठेंगण्या माणसालाही सोबत न्या. उंच माणसाला बरोबर वाटणारं हेडरेस्ट ठेंगण्याचं डोकं पुढे ढकलतं. आणि दोन मिनिटांवर समाधान मानू नका. चाळीस मिनिटं बसा, फोनवर काहीतरी बघत का होईना. पहिल्या पाच मिनिटांत मऊ वाटणारा फोम पुष्कळदा तिसाव्या मिनिटाला कंबर खाली सोडतो.

फोमबद्दल घनता विचारा, नुसतं "कडक की मऊ" नको. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. बैठकीचा फोम घनमीटरला ३२ किलोच्या खाली नसावा, ४० असेल तर उत्तम. सांगाडा पक्क्या लाकडाचा किंवा प्लायवूडचा हवा. भुशाच्या बोर्डात स्क्रू काही काळाने सैल होतात. रिक्लायनर अर्धा उघडून हलवून बघा. जो आज शोरूममध्ये खुळखुळतो, तो घरी सबवूफर वाजला की प्रत्येक स्फोटाला साथ देणार.

कव्हर आणि रंग

आवाजाच्या दृष्टीने कापड सरस. चामडं आणि रेक्झिन कानाशेजारी आवाज परतवतात, कापड थोडा शोषतं. चामडंच हवं असेल तर नेमका प्रकार विचारा. "बॉन्डेड लेदर" म्हणजे चामड्याचे तुकडे पॉलियुरेथेनमध्ये चिकटवून केलेला पत्रा. काही वर्षांत त्याचे पापुद्रे निघतात. बऱ्याच खुर्च्यांत अंग टेकतं तेवढ्याच भागाला खरं चामडं असतं, बाजू आणि पाठ कृत्रिम. ते वाईट नाही, पण माहीत असावं. चामड्यावर हेडरेस्टपाशी एक सुती कापड टाकलं तरी परतणारा आवाज कमी होतो.

रंग गडद आणि बिनचमकेचा. पडद्यावरचा प्रकाश पांढऱ्या किंवा चकचकीत खुर्चीवर पडून परत पडद्यावर जातो आणि काळा रंग राखाडी करतो. कपहोल्डरच्या स्टीलच्या कडा आणि निळे दिवे हेही त्यातच आले. दिवे पूर्ण बंद होतात का, ते दुकानातच विचारा.

वीज, मुलं आणि दार

मोटरच्या खुर्च्यांना जागेवर वीज लागते. जमिनीवरून ओढलेली वायर अंधारात पायात येते, म्हणून फरशी किंवा चौथरा होण्याआधीच खुर्चीखाली सॉकेट काढून घ्या. वीज गेल्यावर पाय खाली कसे घ्यायचे, बॅटरी आहे की हाताने सोडायची सोय, हे चालवून दाखवायला सांगा. लहान मुलं किंवा प्राणी असतील तर पायपट्टी बंद होताना अडथळा आल्यावर थांबते का, तेही बघा. त्या सांध्यांत बोटं अडकतात, आणि थांबणारी यंत्रणा असली तरी बंद करण्याआधी खाली वाकून पाहायची सवय घरात सगळ्यांना लावा.

ऑर्डर देण्याआधी दार, जिना, वळण आणि लिफ्ट मोजा. बहुतेक रिक्लायनरची पाठ खाचेतून उचलून वेगळी करता येते. तुमच्या खुर्चीची येते का आणि वेगळ्या तुकड्यांचं माप किती, हे लिहून घ्या.

खुर्च्या आल्यावर

डोक्याची टेपची रेषा अजून काढू नका. खुर्ची लावून, तुम्ही सिनेमा बघताना जितके पसरता तितकं पसरून, डोकं रेषेवर येतं का ते दुसऱ्याला बाजूने बघायला सांगा आणि त्याप्रमाणे खुर्ची पुढेमागे करा. मगच रिसीव्हरचं (स्पीकर चालवणाऱ्या यंत्राचं) आपोआप होणारं ध्वनिमापन पुन्हा चालवा. रिकाम्या खोलीत केलेलं मापन आता उपयोगाचं नाही. फोम भरलेल्या खुर्च्यांनी आवाज बदललेला असतो. माइक हेडरेस्टवर ठेवू नका. तो स्टँडवर, कानांच्या उंचीला, पाठीपासून थोडा सुटा ठेवा, आणि मापन चालू असताना खुर्चीत कुणीही बसू नका.